सात पदवीधरांचा सातबारा

28 जून 1985 ला अमेरिकेत ‘सेंट एल्मोज फायर’ नावाचा सिनेमा लागला आणि तिथल्या समीक्षकांची दिवाळी चार महिने आधी आली. दिग्दर्शक जोएल शूमाकर, कंपनी कोलंबिया पिक्चर्स, गोष्ट वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन विद्यापीठातून नुकत्याच बाहेर पडलेल्या सात मित्रमैत्रिणींची. पोरं उथळ आहेत, स्वतःतच बुडालेली आहेत, जीव लावावा असं एकही पात्र नाही, माणसं बोलायचं सोडून भाषणं ठोकतात, आणि पावणेदोन तासांत या सातांपैकी कुणालाही जगात आठवा माणूस राहतो याचा पत्ता लागत नाही. टीकेचा सूर साधारण असा.

यातला खोटा आरोप कोणता? एकही नाही. मी हा सिनेमा एकापेक्षा जास्त वेळा पाहिलेला आहे, तेव्हा साक्षीला उभं राहायचा अधिकार माझा आहे. पोरं उथळच आहेत. पण बावीस वर्षांचा, हातात नुकतीच पदवी पडलेला आणि भाडं थकलेला प्राणी स्वतःत बुडणार नाही तर काय पंचवार्षिक योजनेत बुडणार? समीक्षकांनी मात्र तलाठ्यासारखी वही उघडली. कुणाच्या नावावर कसला फ्लॅट, कुणाच्या बापाचा धंदा काय, कर्जाचा बोजा कुणावर, सगळ्याची नोंद केली आणि उताऱ्यावर शिक्का मारला. शेतात पीक काय आलंय ते बघायला बांधावर कुणी गेलं नाही.

म्हणून आपणच जाऊ.

बिली, म्हणजे रॉब लो. सॅक्सोफोन वाजवतो, दारू पितो, बायको आणि तान्हं मूल घरी असताना कॉलेजातल्या पोरासारखा हिंडतो. ज्यूल्स, म्हणजे डेमी मूर. बँकेत नोकरी, गुलाबी फ्लॅट, भिंतीवर बिली आयडॉलचं भलंमोठं चित्र, नाकात कोकेन आणि कर्ज गळ्यापर्यंत. वेंडी, म्हणजे मेअर विनिंगहॅम. बापाचा ग्रीटिंग कार्डांचा धंदा जोरात, ही समाजकल्याणाच्या कचेरीत राबते आणि बिलीला पैसे पुरवते. केविन, म्हणजे अँड्र्यू मॅकार्थी. वर्तमानपत्रात मृत्युलेख लिहितो आणि जीवनाचा अर्थ या विषयावर लेख छापून यावा म्हणून झुरतो. (बाविसाव्या वर्षी! आम्हाला या वयात साडी सेंटरच्या उद्घाटनाची बातमी मिळाली तरी आनंद व्हायचा.) लेस्ली, म्हणजे अ‍ॅली शीडी. शहाणी, सुंदर, आणि लग्नाला नाही म्हणणारी. तिचा नकार न पचणारा अ‍ॅलेक, म्हणजे जड नेल्सन. हा कॉलेजात डेमोक्रॅट होता, आता रिपब्लिकनांकडे कामाला लागतो, कारण तिथे पगार बरा. महाराष्ट्रातल्या वाचकाला हे पात्र समजावून सांगायची गरज नसावी. सातवा किर्बी, म्हणजे एमिलिओ एस्तेवेझ. त्याचं प्रकरण जरा वेगळं आहे, त्याच्याकडे येतो.

हा सगळा ऐवज 1985 चा आहे हे लक्षात ठेवा. रेगन नुकतेच दुसऱ्यांदा निवडून आलेले. ‘न्यूजवीक’ने 1984 हे साल ‘यप्पी’ लोकांचं म्हणून जाहीर करून टाकलेलं. महागडा सूट, महागडं घर आणि उधारीवरची महागडी हौस हाच ज्या काळाचा धर्म होता, त्या काळावरच्या सिनेमातली पोरं चंगळखोर निघाली म्हणून समीक्षक दचकले. ज्यूल्सच्या घरातली चैन तिला परवडत नाही, ती पगाराची उचल घेत जगते, नोकरी जाते आणि एके दिवशी घरातलं सामान उचलून नेलं जातं. हे सिनेमात दाखवलेलं आहे, अगदी ढळढळीत. चंगळ दाखवणं आणि चंगळीची आरती ओवाळणं यातला फरक शूमाकरला पूर्ण सांभाळता आला असं मी म्हणणार नाही. त्याचा कॅमेरा त्या गुलाबी भिंतींवर जरा जास्तच रेंगाळतो. शूमाकर मुळात वेशभूषाकार. कपडे आणि भिंती दिसल्या की त्याचा हात सैल सुटायचा. पुढे 1997 मध्ये ‘बॅटमॅन अँड रॉबिन’ काढून त्याने याहून मोठे जोडे खाल्ले आणि प्रेक्षकांची माफीही मागितली. त्यामुळे शिव्या पचवण्याच्या बाबतीत माणूस अनुभवी म्हणायचा.

सिनेमाचं पहिलं परीक्षण मात्र शूटिंगच्या आधीच आलं होतं. ते लिहिलं जॉर्जटाउन विद्यापीठाने. जेझुइट पाद्र्यांनी स्थापलेली संस्था. पटकथेतले लग्नाआधीचे उद्योग तिला रुचले नाहीत आणि आवारात कॅमेरा लावायला परवानगी मिळाली नाही. मग जॉर्जटाउनच्या पदवीधरांची गोष्ट मेरीलँड विद्यापीठात चित्रित झाली. पडद्यावर दिसतं ते कॉलेज जॉर्जटाउन नाहीच. गंमत म्हणजे सिनेमातल्या बारची कल्पना जॉर्जटाउनच्या आवाराशेजारच्याच ‘द टूम्ब्ज’ नावाच्या खऱ्या अड्ड्यावरून उचललेली. म्हणजे विद्यार्थी पितात कुठे हे सगळ्यांना ठाऊक, फक्त कॅमेऱ्याने ते बघू नये. संस्थाचालकांचं हे तत्त्वज्ञान आपल्याकडेही ओळखीचं आहे.

आता टीकाकारांच्या आवडत्या हत्याराकडे वळू. ते म्हणजे ‘द बिग चिल’. लॉरेन्स कॅसडनचा हा सिनेमा 1983 चा. मिशिगन विद्यापीठातले जुने मित्र एका मित्राच्या अंत्यविधीला जमतात, शनिवार-रविवार एका घरात राहतात, जुनी गाणी लावतात, आणि साठच्या दशकातले आपले आदर्श कुठे हरवले यावर उसासे टाकतात. उत्कृष्ट चित्रपटाच्या ऑस्करसाठी त्याला नामांकन मिळालं. दोन वर्षांनी ‘सेंट एल्मोज फायर’ आला तेव्हा ‘बिग चिल’ची धाकटी, बावळट आवृत्ती म्हणून त्याची बोळवण झाली.

पण ‘बिग चिल’वरही उचलेगिरीचा ठपका होताच. 1980 मध्ये जॉन सेल्सने अगदी थोड्या पैशांत ‘रिटर्न ऑफ द सिकॉकस सेव्हन’ काढला होता. तिथेही कॉलेजातले जुने मित्र, तिथेही एक घर, तिथेही शनिवार-रविवार, तिथेही चळवळीच्या आठवणी. कॅसडनने तोच माल मोठ्या दुकानात मांडला असं तेव्हा बऱ्याच जणांनी म्हटलं. तिथून दोन पायऱ्या उतरलं की शूमाकर. वंशावळ एकच, फरक वयाचा. ‘बिग चिल’वाले पस्तिशीत आहेत, त्यांच्यामागे व्हिएतनामविरोधी मोर्चे आहेत, म्हणून त्यांनी स्वयंपाकघरात नाचत भांडी आवरली तरी तिला पिढीची शोकांतिका म्हणायचं. ‘एल्मो’वाले बावीसचे आहेत, त्यांच्यामागे फक्त परीक्षा आहे, म्हणून ते रडले की रडगाणं.

तेव्हा वर्तमानपत्रांत परीक्षणं लिहिणाऱ्या मंडळींचं वय काय असेल याचा अंदाज करा. मी करतो तो अंदाजच आहे, पण छातीठोक आहे: कॅसडनच्या पात्रांत त्यांना आरसा दिसला आणि शूमाकरच्या पात्रांत शेजाऱ्याचं कार्टं. आरशाला नामांकन, कार्ट्याला चपराक. एक गोष्ट त्यांच्या नजरेतून सुटली. ‘बिग चिल’मधले लोक तरी दुसऱ्या कुणाबद्दल बोलतात? मेलेल्या मित्राबद्दलसुद्धा ते स्वतःपुरतंच बोलतात. बिचारा मेलेला मित्र! ती भूमिका केविन कॉस्टनरने केली होती आणि त्याचे जुन्या दिवसांचे प्रसंग संकलनात कापले गेले. प्रेताला कपडे घालतानाचे काही तुकडे, त्यातही चेहरा नाही, एवढाच त्याचा वाटा उरला. सातआठ मित्रांच्या गर्दीत मेलेल्याची दखल किती घेतली जाते, याचा याहून चांगला पुरावा मिळायचा नाही.

‘एल्मो’च्या वाट्याला आणखी एक दुर्दैव आलं, ते कॅलेंडरचं. त्याच वर्षी फेब्रुवारीत जॉन ह्यूजचा ‘द ब्रेकफास्ट क्लब’ लागला होता. त्यात एस्तेवेझ, नेल्सन आणि शीडी हे तिघे शाळकरी पोरं होती, शनिवारी शिक्षा म्हणून शाळेत कोंडलेली. जूनमध्ये तेच तिघे पदवी घेऊन वॉशिंग्टनमध्ये नोकरी करताना दिसले. चार महिन्यांत शाळा, कॉलेज, नोकरी, प्रेमभंग. एवढ्या वेगाने आपल्याकडे फक्त मालिकांतली बाळं मोठी होतात. ह्यूजच्या पोरांवर समीक्षक खूश होते, कारण ती पोरं लहान होती आणि त्यांच्या दुःखाला आईबाप जबाबदार होते. तीच पोरं मोठी होऊन स्वतःच्या दुःखाला स्वतः कारण ठरली, तेव्हा सहानुभूती आटली.

आता किर्बी. इथे मी सिनेमाचं वकीलपत्र खाली ठेवतो.

किर्बी त्या बारमध्ये वेटर आहे आणि कायदा शिकतो. हॉस्पिटलात त्याला डेल नावाची तरुण डॉक्टर दिसते. अँडी मॅकडॉवेलने ती भूमिका केली आहे. कॉलेजात कधीतरी तो तिच्याबरोबर एकदा फिरायला गेला होता, एवढ्या पुंजीवर त्याचं प्रेम उभं राहतं. तो तिच्या मागावर फिरतो, तिच्या पार्टीच्या दारात पावसात उभा राहतो, तिला दिपवायला कायदा सोडून डॉक्टर व्हायचं ठरवतो, मग एका श्रीमंत कोरियन माणसाकडे नोकरी धरून मालकाच्या घरात मालकाच्या पश्चात मेजवानी देतो. ती येत नाही. मग हा बर्फातून गाडी हाकत डोंगरातल्या घरापर्यंत पोचतो, जिथे ती दुसऱ्या पुरुषाबरोबर गेलेली आहे. तिथून पोलिसात तक्रार व्हावी, तर सिनेमा त्याला पाहुणचार देतो, सकाळी त्या बाईचं चुंबन देतो, आणि पोरगा विजयी मुद्रेने गाडीतून परततो. पार्श्वसंगीतही त्याच्याच बाजूला.

ऐका, हे पात्र हवेतून आलेलं नाही. शूमाकरबरोबर पटकथा लिहिणारा कार्ल कर्लँडर तेव्हा पंचविशीच्या आतबाहेरचा. न्यूयॉर्क राज्यातल्या शटॉक्वा गावच्या सेंट एल्मो नावाच्या हॉटेलात त्याने सुट्टीत सामान उचलायची नोकरी केली होती आणि तिथल्या एका वेट्रेसवर त्याचा जीव जडला होता. त्या एकतर्फी प्रेमापायी त्याने आधी एक कथा लिहिली, त्यातून हा सिनेमा निघाला. लेखकाला स्वतःची दया आली की पात्राच्या हातून काय काय करवून घेतलं जातं, याचा किर्बी हा नमुना.

आणि समीक्षक? त्यांचा मुख्य रोख होता पोरांच्या उथळपणावर, पैशावर, तोंडातल्या भाषणांवर. किर्बी त्यांना लेचापेचा वाटला, कंटाळवाणा वाटला. तो घाबरवणारा आहे, हे आज सिनेमा पाहणाऱ्या कुठल्याही कॉलेजकन्येला पाच मिनिटांत कळतं. तसंच बिलीचं. तो ज्यूल्सवर गाडीत जबरदस्ती करू पाहतो, ती त्याला हाकलते, आणि थोड्याच वेळाने तोच तिची समजूत काढायला नायक म्हणून हजर. केविन मुलींच्या मागे लागत नाही म्हणजे तो समलिंगीच असणार, असा ज्यूल्सचा सिद्धान्त आणि शेजारचा गृहसजावटकार रॉन म्हणजे त्या सिद्धान्तासाठी ठेवलेलं बाहुलं. समीक्षेची काठी चालवायला जागा इथे होती. ती चालली कुठे? वेंडीच्या बापाच्या पैशांवर.

सिनेमातलं सगळ्यात गाजलेलं भाषण तर विज्ञानाच्या पेपरात नापास होणारं आहे. ज्यूल्स खिडक्या सताड उघडून गारठ्यात, रिकाम्या घरात कोंडून बसलेली असते. बिली आत शिरतो, फवाऱ्याच्या डब्याने ज्वाळेचा भपकारा काढून दाखवतो आणि समजावतो की हे सगळं सेंट एल्मोच्या अग्नीसारखं आहे: खलाशी त्याच्या भरवशावर गलबतं हाकायचे, पण असा अग्नी नव्हताच, असा संतही नव्हता, बिकट वेळी आधाराला काहीतरी हवं म्हणून त्यांनी तो रचला. थिएटरात लोक रडले म्हणे.

हा अग्नी आहे. वादळात हवेतला विद्युतभार वाढला की डोलकाठीच्या टोकाशी निळसर जांभळी प्रभा दिसते. खलाशांनी ती शेकडो वर्षं पाहिली, विमानांच्या पंखांवरही ती दिसते. संतही परंपरेने आहे: फोर्मियाचा बिशप इरॅस्मस, खलाशांचा रक्षक, एल्मो हे त्याचंच रूप. आणि खरी गंमत पुढे आहे. ही प्रभा दिसते ती स्वतःच्याच गलबताच्या डोलकाठीवर. तिच्या दिशेने गलबत हाकायचं म्हणजे गोल गोल फिरायचं! सात पोरं स्वतःच्याच डोक्यावरच्या उजेडाला दीपस्तंभ समजून चालली आहेत, हे रूपक पटकथेच्या दारात येऊन उभं होतं आणि लेखकांनी दार उघडलं नाही. एवढी सोन्यासारखी संधी हुकल्याबद्दल मी ओरडलो असतो. पोरांच्या फ्लॅटबद्दल ओरडून काय मिळालं?

समीक्षकांना काय मिळालं ते माहीत नाही, कोलंबियाला मात्र पैसे मिळाले. सिनेमाचा खर्च सुमारे 1 कोटी डॉलर, अमेरिकेतली कमाई पावणेचार कोटींच्या वर. रॉब लोला त्या वर्षीचा सर्वात वाईट सहायक अभिनेत्याचा रॅझी पुरस्कार मिळाला. शीर्षकगीत सप्टेंबर 1985 मध्ये ‘बिलबोर्ड’च्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचलं. या गाण्याची कथा तर सिनेमाहून चांगली आहे. संगीतकार डेव्हिड फॉस्टर कॅनडाचा. गायक जॉन पारला शब्द सुचेनात, तेव्हा फॉस्टरने त्याला रिक हॅन्सन या कॅनेडियन खेळाडूची चित्रफीत दाखवली. हॅन्सन पाठीच्या कण्याला दुखापत झाल्यामुळे चाकाच्या खुर्चीत, आणि त्याच वर्षी मार्चमध्ये त्या खुर्चीतून जगप्रवासाला निघालेला. पुढे 26 महिन्यांत 34 देश आणि 40 हजार किलोमीटर त्याने पार केले, मज्जारज्जूच्या संशोधनाला पैसा उभारण्यासाठी. पारने गाणं लिहिलं ते त्याच्यावर. म्हणजे आत्ममग्न पोरांच्या सिनेमाचं पिढीचं म्हणून गाजलेलं गाणं मुळात दुसऱ्याच माणसाबद्दल आहे, आणि तो माणूस या सातांपैकी कुणापेक्षाही जास्त अंतर कापून आला. पदवीधरांनी ते आपल्याला उद्देशून आहे असं समजून चाळीस वर्षं ऐकलं. आत्ममग्नतेचा आरोप इथे प्रेक्षकांवरही लागू करायला माझी हरकत नाही.

मग या सिनेमाचं वाकडं कुणी केलं? परीक्षणांनी नव्हे, ते केलं एका मासिकाच्या मुखपृष्ठाने. सिनेमा लागायच्या 18 दिवस आधी, 10 जूनच्या अंकात, ‘न्यूयॉर्क’ मासिकाने डेव्हिड ब्लमचा लेख छापला. ब्लम खरं तर एस्तेवेझवर छोटं व्यक्तिचित्र करायला लॉस एंजेलिसला गेला होता. एस्तेवेझने भाबडेपणाने त्याला मित्रांबरोबर रात्री बाहेर नेलं. हार्ड रॉक कॅफेत पोरांनी दारू प्यायली, मुली भोवती जमल्या, आणि वार्ताहर टिपणं काढत बसला. परत जाऊन त्याने या तरुण नटांच्या अख्ख्या पिढीचं नाव ठेवलं ‘ब्रॅट पॅक’. फ्रँक सिनात्राच्या जुन्या ‘रॅट पॅक’ची ही नक्कल, अर्थ एवढाच की लाडावलेली कार्टी. मुखपृष्ठावर याच सिनेमातल्या लो, नेल्सन आणि एस्तेवेझचा फोटो.

पत्रकाराला घरी जेवायला बोलवू नये, बोलावलंच तर आपण उपाशी राहावं, हा धडा एस्तेवेझला तेव्हा मिळाला.

त्यानंतर सिनेमा बघायला बसलेल्या माणसाच्या डोक्यात आधीच दोन अक्षरी निकाल होता: कार्टी. पडद्यावर बिली दारू पितो, म्हणजे तो अभिनय नसून रोजचं वागणं. ज्यूल्स नाकात पावडर ओढते, म्हणजे डेमी मूरला शिकवावं लागलं नसेल. मूरवरचा वार जिव्हारी लागणारा होता, कारण तिला व्यसनाचा खरा त्रास होता आणि ते सोडण्याच्या अटीवरच तिला ही भूमिका करू दिली गेली. ती सुटली, टिकली, ही गोष्ट सिनेमातल्या बिलीच्या भाषणापेक्षा कितीतरी अवघड होती. परीक्षणांच्या रकान्यात मावणारी ती नव्हती.

लेखातल्या टोळीत टॉम क्रूझ आणि शॉन पेनही मोजले होते. त्यांच्या अंगावरून ते लेबल घसरून गेलं. चिकटलं ते या सिनेमातल्या पोरांना. अँड्र्यू मॅकार्थी त्या रात्री हार्ड रॉकमध्ये नव्हताच, तरी चिकटलं. उलट लेखात त्याच्याच एका सहकलाकाराने नाव न सांगता त्याची लायकी काढलेली. हे दुखणं त्याने किती वर्षं जपावं? 2021 मध्ये त्याने ‘ब्रॅट’ नावाचं पुस्तक लिहिलं, 2024 मध्ये ‘ब्रॅट्स’ नावाचा माहितीपट काढला, कॅमेरा घेऊन एकेका जुन्या सहकाऱ्याच्या दारात गेला. एस्तेवेझ भेटला, लो भेटला, मूर भेटली, शीडी भेटली. मूर शांतपणे बोलली, लो तर त्या लेबलचं त्याला काय मिळालं ते हसत मोजत बसला. शेवटी मॅकार्थीने ब्लमलाच गाठलं. ब्लमला फारसा पश्चात्ताप झालेला दिसत नाही. शब्द सुचला, छापला, गाजला, संपलं. साठीतला नट आणि साठीतलाच पत्रकार समोरासमोर बसून विशीतल्या एका मथळ्याचा हिशेब करत आहेत, हे बघताना मला मूळ सिनेमापेक्षा जास्त मजा आली. कार्टी कुणाला म्हणायचं हा प्रश्न मी मोकळा ठेवतो.

हा रोग शूमाकरच्या पोरांपुरता नाही. 1994 मध्ये बेन स्टिलरचा ‘रिॲलिटी बाइट्स’ आला, ह्यूस्टनमधले पदवीधर, तीच बेकारी, तेच प्रेम, आणि टीका पुन्हा तीच: एवढं शिकून नुसते सोफ्यावर बसतात. 2001 मध्ये आपल्याकडे फरहान अख्तरचा ‘दिल चाहता है’ आला. त्यातल्या तिघांना नोकरीची विवंचना नाही, गाड्या बापाच्या, गोवा हाकेच्या अंतरावर. श्रीमंत पोरांचे लाड म्हणून नाकं तेव्हाही मुरडली गेली. शहरांत तो चालला, बाहेर तेवढा नाही, आणि उत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. त्यावर कुणी काय लिहिलं ते आता कुणाला आठवत नाही. शापोऱ्याच्या किल्ल्यावर मात्र तिघातिघांचे घोळके अजून सिनेमातल्या त्याच भिंतीवर बसून फोटो काढतात. किल्ला कुणी बांधला हे विचारलंत तर तुम्हाला बाजूला सरकायला सांगतात, फ्रेममध्ये येता म्हणून.

परत ‘एल्मो’कडे. परीक्षणांची सरासरी काढणाऱ्या रॉटन टोमॅटोजवर आजही अनुकूल मतं निम्म्याहून कमी आहेत. पण सूर पालटलाय. एका बाजूला आपल्या विशीचा सिनेमा म्हणून गहिवरणारे, दुसऱ्या बाजूला किर्बी, बिली आणि रॉनच्या प्रसंगांची आरोपपत्रं लिहिणारे. पहिल्यांना त्यातला रॉब लोचा कानातला डूल सोडून काही दिसत नाही. दुसऱ्यांचे आरोप बरेचसे बरोबर आहेत, फक्त त्यांच्या उत्साहात वेंडी पुन्हा दिसेनाशी होते, जशी ती 1985 च्या टीकाकारांना दिसली नव्हती. बापाने हुंड्यासारखी गाडी आणि नवरा देऊ केलेला असताना ही जाडसर स्वेटर घालणारी, अवघडून बोलणारी मुलगी स्वतःच्या पगारात भाड्याची खोली घेते आणि रात्री एकटीने आपल्या स्वयंपाकघरात सँडविच करून खाते, त्याचं सुख मित्राला सांगते. अख्ख्या सिनेमात मोठं झालेलं माणूस ते एवढंच. मेअर विनिंगहॅमला टोळीत कुणी धरलं नाही, लेबल लागलं नाही, पुढे ‘जॉर्जिया’साठी ऑस्करचं नामांकन मिळालं.

आणि शेवट. बिलीला न्यूयॉर्कच्या बसमध्ये बसवून उरलेले सहाजण बारच्या दाराशी येतात. आत गर्दी, गोंगाट, नवी पोरं. त्यांच्यातलाच एक म्हणतो, नको, उद्या काम आहे, रविवारी दुसरीकडे नाश्त्याला भेटू. मोठं होण्याचं एवढं खरं, एवढं बिनभाषणाचं वर्णन मी या जातीच्या फार सिनेमांत पाहिलेलं नाही. ते पाच ओळींत उरकतं, म्हणून परीक्षणांतही उरकलं गेलं.

तर माझा निकाल. सिनेमा मध्यम आहे, किर्बीचे प्रसंग पुढे ढकलून पाहिला तर बरा आहे, वेंडीसाठी पाहिला तर चांगला आहे. 2024 मध्ये याच्या पुढच्या भागाची जुळवाजुळव चालू असल्याच्या बातम्या आल्या होत्या, म्हणजे तो निघाला तर साठीतले पदवीधर येतील आणि त्यांच्यावर विशीतले समीक्षक तुटून पडतील. तेव्हा संपादकमंडळींना एक विनंती आत्ताच करून ठेवतो: परीक्षणाखाली तारे छापायचे तेवढे छापा, पण लिहिणाऱ्याचं जन्मसाल शेजारी छापत चला. वाचक आपला हिशेब आपण करतील.